प्लेअर घेताय? मग डोकं घरी ठेवून निघा

तर तुम्हाला एक छोटासा प्लेअर घ्यायचाय. गाणी वाजली पाहिजेत, व्हिडिओ दिसला पाहिजे, नातवंडांचे फोटो बघता आले पाहिजेत आणि हे सगळं शर्टाच्या खिशात मावलं पाहिजे. अगदी बरोबर माणसाकडे आलात. गेल्याच महिन्यात मी बाबांच्या पंच्याहत्तरीला असा एक घेतलाय, त्यामुळे या विषयात माझा सध्या फार मोठा अभ्यास झालेला आहे. (मी आयटीत नोकरी करते. हे कृपया कुठे बोलू नका.)

पहिलं म्हणजे, ज्याच्यासाठी घ्यायचाय त्या माणसाला काहीही विचारायचं नाही. सरप्राइज असतं ते. बाबांना काय हवं होतं? सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाताना कानात नाट्यसंगीत, दुपारी एखादं कीर्तन, आणि न बघता अंगठ्याने दाबता येईल असं एक बटण. एवढंच. पण आपण शिकलेली मुलं ना, आपण टचस्क्रीनवाला घ्यायचा. खिशात घातला की रुमालाचा स्पर्श होऊन गाणं आपोआप बदलतं, अंतऱ्यापर्यंत पोचलं की थेट हनुमान चालिसा. व्यायाम होतो तेवढाच, दर पन्नास पावलांवर थांबून तो बाहेर काढायचा.

दुसरं, 'फोन आहे की!' असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलवा. फोनवर व्हिडिओचं अ‍ॅप लावायचं, स्क्रीन बंद केली की गाणं बंद. स्क्रीन चालू ठेवली की दोन तासांत बॅटरी बंद. आलाप रंगात आला की मध्येच एक बाई होम लोनचा व्याजदर सांगून जाते. आणि पैसे भरून डाउनलोड केलेली गाणी पैसे भरायचे थांबलात की गायब, म्हणजे ती कधी तुमची नव्हतीच, तुम्ही भाडेकरू.

आता खोक्यावरचे आकडे. हे फार महत्त्वाचं. खोक्यावर जेवढे आकडे जास्त तेवढा माल चांगला, हे धरूनच चाला. आमच्या खोक्यावर 'फुल एचडी व्हिडिओ' असं सोनेरी अक्षरात होतं. स्क्रीन २.४ इंचाचा, त्याचं रिझोल्यूशन, म्हणजे चित्राचे ठिपके, ३२० बाय २४०. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. कॅल्क्युलेटर काढून दोन्हीकडचे गुणाकार करा, मग भागाकार, बरोब्बर २७ येतात. म्हणजे चित्रातल्या दर २७ ठिपक्यांपैकी २६ वाटेतच सांडून एक ठिपका बाबांच्या डोळ्यापर्यंत पोचणार. तोही असा तसा नाही पोचत. व्हिडिओ आधी त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकून एएमव्ही नावाच्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यायचा, ताईच्या लग्नाचा व्हिडिओ बदलायला रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला, सकाळी बाबांनी चष्मा लावून, मग काढून, मग भिंग घेऊन बघितला आणि म्हणाले, "छान आहे गं, पण ही कोण, ताई का करवली?"

फोटोंचं वेगळं काही सांगत नाही. ताईचा मुलगा त्यात इडलीएवढा दिसतो.

मराठी फाइलनावं? अवश्य द्या. सगळीकडे चौकोन दिसतात. मला वाटलं निदान चौकोनांची लांबी बघून तरी ओळखता येईल, पण नाही. मग बसून २०० फाइलींची नावं इंग्रजी स्पेलिंगात केली. त्यातही कीर्तनाचे भाग १ ते १२ असे आकडे टाकले, तर या दिव्य यंत्राच्या हिशोबात १ नंतर १० येतो, मग ११, मग १२ आणि मग कुठे २. त्यामुळे आमच्याकडे अभिमन्यू चक्रव्यूहात शिरायच्या आधीच पडला. बाबांनी दोन दिवस काही बोलायचं नाही म्हणून सहन केलं, तिसऱ्या दिवशी म्हणाले, बुवांचं वय झालेलं दिसतंय.

आणि गाणं जिथे थांबवलं तिथून पुढे चालू होतं का, हा असला फालतू प्रश्न दुकानात किंवा ऑनलाइन कुठेही विचारू नका. तीन-साडेतीन मिनिटांची गाणी ऐकणाऱ्यांनी बनवलेलं यंत्र आहे ते, त्यांना पंचावन्न मिनिटांचा यमन माहीत नाही. बाबा वीस मिनिटं चालतात. घरी आले की बंद करतात. दुसऱ्या दिवशी चालू केला की पहिल्यापासून. पुढे ढकलायचं तर बटण दाबून धरायचं, अंगठा लाल होईपर्यंत, आणि जरा जास्त दाबलं की पुढची फाइल. तर माझ्या वडिलांनी दोन आठवडे रोज त्याच यमनचा तोच विलंबित ऐकलेला आहे. द्रुत त्यांच्या वाट्याला आलेला नाही.

चालू करताना ते 'पॉवर ऑन!' असं जोरात ओरडतं, हे मात्र फुकट.

तुमच्याकडे जुना आयपॉड पडला असेल तर तो मुळीच शोधू नका. २३ ऑक्टोबर २००१ ला पहिला जाहीर झाला तेव्हा ५ जीबीचा होता, १,००० गाणी खिशात एवढंच सांगायचे, आणि तेवढी मावायची. आमच्याकडे २००६ साली चुलतभावाने न्यू जर्सीहून आणलेला एक होता. त्याच्यावर एक चक्र, अंगठा फिरवला की आवाज वाढतो, डोळे मिटून चालायचा. मी हुशारी करून तो माझ्या कॉम्प्युटरला जोडला, त्याने विचारलं, सगळं पुसून सिंक करू का, मी म्हटलं हो. (दादा, हे तुला आज कळत असेल तर सॉरी.) २०२२ च्या मे महिन्यात अ‍ॅपल कंपनीने आयपॉड बनवणंच बंद केलं. बरं झालं. लोकांना चांगल्या वस्तूची सवय लागली की फार त्रास होतो.

आता येऊ मूळ विषयाकडे. मेमरी. इथे माझा सल्ला नीट ऐका, कारण यासाठी मी स्वतः १,७९९ रुपये आणि बाकी बरंच काही मोजलेलं आहे.

आमचा प्लेअर १२८ जीबीचा. आता १२८ जीबी म्हणजे काय, तर साध्या दर्जाच्या, म्हणजे १२८ केबीपीएसच्या, एमपीथ्री गाण्याला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे दिवसरात्र न थांबता वाजवलं तर ९२ दिवस पुरेल एवढी गाणी. आख्खा चातुर्मास नाही, पण बराचसा. कॉम्प्युटरला जोडला तर ११९ जीबी दिसले. मी म्हटलं ठीक आहे, हे मला माहीत आहे, कंपनी १,००० च्या हिशोबाने मोजते आणि कॉम्प्युटर १,०२४ च्या, म्हणजे इथे पण फ्लॅटसारखं, कागदावर सुपर बिल्ट-अप आणि हातात कार्पेट, आहेच. पुणेकराला हे समजावून सांगावं लागत नाही. इतकी मी हुशार.

पण आमच्या फ्लॅटची गंमत अशी की फ्लॅटच नव्हता. फक्त दारावर पाटी होती.

आतली चिप ८ जीबीची. तिचा कारभार बघणारा जो कंट्रोलर असतो त्याला शिकवून ठेवलेलं असतं, कुणी विचारलं तर सांग १२८. कॉम्प्युटर विचारतो, तो सांगतो, कॉम्प्युटर विश्वास ठेवतो, बिचारा. तुम्ही पहिले ८ जीबी भरेपर्यंत सगळं नीट चालतं. त्यानंतर तुम्ही जे काही टाकाल ते घेतल्यासारखं करतो आणि सोडून देतो. एरर नाही, काही नाही, हिरवी पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते, 'पूर्ण झालं' म्हणते. आणि फाइलींची यादी सुरुवातीच्या जागेत लिहिलेली असते ना, त्यामुळे ती शाबूत राहते. नावं दिसतात. साइज दिसते. तारीख दिसते. रेशनकार्डावर दहा नावं आणि घराला कुलूप, तसं.

आणि परत करायची मुदत किती? सात दिवस. आता मला सांगा, सात दिवसांत ८ जीबी गाणी कोण भरतं हो? ज्याने हे डिझाइन केलंय त्याला तुमच्या-माझ्या घरातल्या शनिवार-रविवारचं टाइमटेबल पाठ आहे. पहिल्या आठवड्यात आपण दीडशे गाणी टाकतो, बाबा खूष, आपण खूष. उरलेलं 'बघू सवडीने'.

माझी सवड एकोणिसाव्या दिवशी आली. आमच्याकडे १४ कॅसेटी आहेत. १९९१ मध्ये काकाने आजीला स्वयंपाकघरात बसवून तिच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या, मध्ये मध्ये कुकरच्या शिट्ट्या आहेत, एका ठिकाणी ती ओवी अर्धवट सोडून कुणाला तरी 'दूध बघ गं' म्हणते. कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची तर जेवढी तिची लांबी तेवढाच वेळ लागतो, तासाच्या कॅसेटला एक तास, त्यात घाई चालत नाही. दिवाळीच्या सुट्टीत बसून सगळ्या घेतल्या. शेवटच्या कॅसेटला आमच्या डेकचा रबरी पट्टा विरघळून डांबर झाला, तरी घेतली. आणि लॅपटॉपवर जागा कमी होती म्हणून ते सगळं प्लेअरवर टाकताना मी कॉपी नाही केलं. कट केलं. कट, पेस्ट. शंभर टक्के. पूर्ण झालं.

संध्याकाळी बाबा कानातून वायर काढत म्हणाले, "अगं, तुझी आजी गप्प बसलीये."

१४ च्या १४ फाइली. नावं आहेत सगळी. लांबी शून्य मिनिटं शून्य सेकंद.

मग मी रीतसर तक्रार केली. चॅटवर जो कोण होता (किंवा होतं) त्याने आधी माझ्या गैरसोयीबद्दल तीन वेळा खेद व्यक्त केला. मग प्रॉडक्ट चालू स्थितीत आहे का दाखवणारा फोटो मागितला. मी पाठवला. त्यात स्क्रीनवर १२८ जीबी असं लिहिलेलं दिसतंय. उत्तर आलं, मॅडम, फोटोत १२८ जीबी दिसत आहे, प्रॉडक्ट बरोबर आहे. मी म्हटलं अहो तेच तर खोटं आहे! तर म्हणे रिटर्न विंडो क्लोज झालेली आहे, आणखी काही मदत करू का, आणि खाली पाच चेहरे, आजच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात.

म्हणून तुम्हाला सांगते, विकत घेताना रिव्ह्यू वाचा. हजारो आहेत. 'पॅकिंग छान.' 'डिलिव्हरी वेळेत.' 'डिलिव्हरी बॉय सभ्य होता.' 'अजून वापरला नाही पण लूक मस्त, पाच स्टार.' मी त्या सगळ्या माणसांना शोधत होते, शिव्या घालायला. अहो, वापरला नाही तर लिहिता कशाला? कुणी विचारलं होतं तुम्हाला? खोकं फोडायच्या आधी स्टार द्यायची एवढी काय घाई असते, आणि मग तिसऱ्या पानावर गेल्यावर एक रिव्ह्यू सापडला. 'बाबांना खूप आवडला. रंग सुंदर आहे. पाच स्टार.' दुसऱ्याच दिवशी लिहिलेला.

माझा होता.

तर आता सरळच बोलते, उपरोध पुरे झाला. आपण मूर्ख आहोत. १२८ जीबीचं बरं, नावाजलेल्या कंपनीचं नुसतं मेमरी कार्ड किती रुपयांना पडतं हे बघायला अर्धा मिनिट लागतो आणि ते न बघता आपण तेवढ्याच पैशांत स्क्रीन, बॅटरी, स्पीकर, इअरफोन आणि वर 'फेस्टिव्ह ऑफर' मिळतेय म्हणून टाळ्या वाजवतो. एमआरपी ४,९९९ खोडून १,७९९ लिहिलं की आपल्याला तीन हजार कमावल्यासारखं वाटतं. कोणी ठरवली ती एमआरपी? ज्याने १२८ लिहिलं त्यानेच ना? फोन घेताना चार महिने डोकं खाता सगळ्यांचं, हा कॅमेरा की तो कॅमेरा, आणि म्हाताऱ्या माणसाला द्यायची वस्तू मात्र रात्री साडेअकराला अंथरुणात पडून, रंग बघून. खरी बटणं आहेत का? थांबलं तिथून पुढे वाजतं का? बटणं लॉक करायची सोय आहे का? कार्ड बाहेरून घालता येतं का, म्हणजे निदान कार्ड तरी आपलं पारखून घालू? चार प्रश्न. चार! मी एकही विचारला नाही. तुम्हीही विचारणार नाही, मला माहितीये.

आणि तपासायचं कसं तेही सांगते, कारण कुणीच सांगत नाही. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे विंडोजवर, फुकट. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि मग लिहिलेलं परत वाचून ताडून बघतं. १२८ जीबीला काही तास लागतात. लागू देत. रात्री लावून झोपा. कार्ड रिकामं असताना लावा, आणि वस्तू आल्याच्या दिवशी लावा, आठव्या दिवशी नाही.

डेकचा पट्टा मिळतो का बघायला परवा तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन आले. तिथल्या एका काकांनी डेक उघडला, बोटाला लागलेलं ते काळं डांबर मला दाखवलं, आणि म्हणाले पट्टा मिळेल, पण कॅसेटींना बुरशी आहे, चालवताना तुटल्या तर माझ्याकडे यायचं नाही. गुरुवारी बोलावलंय. १४ कॅसेटी पिशवीत घालून दाराशी ठेवल्यात. बाबा रोज एकदा उघडून बघतात आणि परत गाठ मारतात.

तुमच्याकडेही असा एखादा प्लेअर असेल, पेन ड्राइव्ह असेल, कपाटात, बारशाचे फोटो भरलेला. मूळ फाइली दुसरीकडे आहेत का? नाहीत ना? मग वाचत काय बसलात, उठा, आणि एकेक फाइल उघडून बघा. नावं नका बघू. उघडा.