न वाचलेल्या जाहीरनाम्यावर ठाम मत कसे मांडावे

कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन, मिसिसागात किंवा कॅलगरीत घराचे हप्ते फेडत फेडत, आपण आता तेथील संघीय निवडणुकीत मतदान करण्यास पात्र झाला आहात, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. मताधिकाराबरोबर एक जबाबदारीही येते, आणि ती म्हणजे मत असण्याची. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत उभे असताना, किंवा पुण्याहून फोन करणाऱ्या मामांनी विचारले असता, "मी अजून नीट वाचलेले नाही" असे उत्तर देणे शिष्टाचाराला धरून होत नाही. सुदैवाने, वाचनात वेळ न दवडता मत कसे बनवावे याचा उत्तम वस्तुपाठ २०२५ च्या निवडणुकीने घालून दिलेला आहे. पुढील वेळी उपयोगी पडाव्यात म्हणून त्यातील काही सूचना येथे देत आहे.

आधी जाहीरनामा आणि मग मतदान, हा नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला क्रम आपण निःशंकपणे विसरावा, कारण खुद्द पक्षांनीच तो विसरलेला आहे. मतदानाचा दिवस होता २८ एप्रिल, आणि आगाऊ मतदान ईस्टरच्या सुट्टीत १८ ते २१ एप्रिल या चार दिवसांत चालले. लिबरल पक्षाने खर्चाच्या आकड्यांसह आपला जाहीरनामा १९ एप्रिलला, म्हणजे आगाऊ मतदान सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध केला. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने २२ एप्रिलला, म्हणजे ते संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर सुमारे ७३ लाख मतदार मत देऊन घरी गेले होते, आणि तो एक विक्रम ठरला. घोडे वरातीमागून आले हे खरे, परंतु आले, याबद्दल आपण कृतज्ञ असावे.

तरीही कुतूहल आवरेनासे झाले, तर जाहीरनाम्याचा छायाचित्रांचा भाग पाहावा आणि शेवटचे तक्ते मात्र टाळावेत. त्या तक्त्यांत काय असते, हे आपल्याला त्रास पडू नये म्हणून मीच सांगून टाकतो. लिबरल पक्षाने चार वर्षांत सुमारे १२९ अब्ज डॉलरच्या नव्या योजना आणि करसवलती मांडल्या, तर काटकसरीचा पक्ष म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्हांनी सुमारे ११० अब्जांच्या. प्राप्तिकराचा सर्वांत खालचा टप्पा १५ टक्क्यांवरून १४ वर आणण्याचे वचन एकाने दिले आणि १२.७५ वर आणण्याचे दुसऱ्याने. हा पैसा कोठून येणार, या रुक्ष प्रश्नाला दोघांनीही सारखेच उत्तर दिले: अमेरिकी मालावर लावलेल्या प्रत्युत्तरादाखलच्या आयातशुल्कातून प्रत्येकाने सुमारे २० अब्ज डॉलर जमेस धरले. शिवाय लिबरलांनी सरकारी कारभाराची उत्पादकता वाढवून २८ अब्ज वाचतील असे मानले, आणि कॉन्झर्व्हेटिव्हांनी कायदे रद्द केल्याने आणि घरे बांधल्याने जी भरभराट होईल तिच्यावरचा करही आधीच मोजून ठेवला. बाजारात तुरी ही म्हण आपण लहानपणी ऐकली असेल. तिचा ताळेबंद छापील स्वरूपात पाहायला मिळणे दुर्मीळ. पुढे १ सप्टेंबरपासून त्या आयातशुल्कांपैकी बहुतेक सरकारने मागे घेतली, आणि जाहीरनाम्यात ६२.३ अब्ज असलेली वर्षाची तूट नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात ७८.३ अब्ज झाली. कोणी हे आकडे समोर आणलेच, तर "परिस्थिती बदलली" असे म्हणून समोसा पुढे करावा.

जाहीरनाम्याची उणीव जनमत चाचण्या भरून काढतात. त्यांचे सौंदर्य असे, की त्यांत कोण काय करणार हे नसते, कोण पुढे आहे एवढेच असते, आणि ज्याला मत द्यायचे तो काय करणार यापेक्षा तो जिंकणार का हे कळणे आपल्याला अधिक समाधान देते. जानेवारी २०२५ मध्ये लिबरल पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी राजीनाम्याची घोषणा केली तेव्हा पिएर पॉलिएव्ह यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची आघाडी २० टक्क्यांहून अधिक होती, आणि त्या काळात चाचण्या हे अत्यंत विश्वासार्ह शास्त्र होते. मग डोनाल्ड ट्रम्प यांनी आयातशुल्काची आणि कॅनडाला अमेरिकेचे ५१वे राज्य करण्याची भाषा सुरू केली, ट्रूडो यांच्या जागी लिबरल पक्षाचे मार्क कार्नी पंतप्रधान झाले, आघाडी वितळली, आणि एप्रिलमध्ये ब्रॅम्प्टनच्या सभेत काही समर्थक "तुमचा चाचण्यांवर विश्वास आहे का?" असे छापलेले कपडे घालून आले. आपणही हेच धोरण ठेवावे. आपला पक्ष पुढे असेल तेव्हा चाचणी म्हणजे जनतेचा कौल, आणि मागे असेल तेव्हा ती विकत घेतलेली.

चाचणीसोबत ती कोणी केली, कधी केली, किती जणांना विचारले आणि चुकीची शक्यता किती, हे छापण्याची सक्ती कॅनडाच्या निवडणूक कायद्याने केलेली आहे. तो भाग बारीक अक्षरांत असतो आणि तेथेच राहू द्यावा. अन्यथा आपल्या लक्षात येईल, की ज्या चाचणीत ३ टक्क्यांची चूक गृहीत आहे तिच्यातील एका टक्क्याच्या चढउतारावर आपण संपूर्ण संध्याकाळ वाद घातला, किंवा अटलांटिक किनाऱ्यावरच्या चारही प्रांतांचा कल शंभरएक माणसांच्या उत्तरांवरून ठरवला. देशभरातील टक्केवारीने जागा ठरत नाहीत, हेही मनात आणू नये. २०१९ आणि २०२१ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्हांना मते अधिक आणि जागा कमी मिळाल्या होत्या, पण तो इतिहास झाला. शेवटी निकाल लिबरल ४३.८ टक्के आणि कॉन्झर्व्हेटिव्ह ४१.३ टक्के असा लागला, ३४३ पैकी १६९ आणि १४४ जागा, म्हणजे बहुमत कोणालाच नाही. देशपातळीवरील अखेरच्या चाचण्या बऱ्याच जवळ होत्या, ही त्यांच्याविरुद्धची सर्वांत गैरसोयीची गोष्ट होय. पॉलिएव्ह स्वतः ओटावाजवळच्या कार्लटनमध्ये हरले, जेथे मतपत्रिकेवर ९१ नावे होती आणि ती जवळजवळ मीटरभर लांब होती. एवढा मोठा कागद उलगडून मत देणाऱ्या माणसाने जाहीरनामा वाचला नसेल, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. क्यूबेकमधील टेरबॉन येथे फेरमोजणीनंतर लिबरल उमेदवार एका मताने विजयी ठरल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. "माझ्या एका मताने काय होणार" हे वाक्य त्या भागात तूर्त वापरू नये.

नेत्यांच्या वादचर्चेवर फार वेळ घालवू नये. फ्रेंच चर्चा माँट्रियलमध्ये १६ एप्रिलला झाली आणि त्याच संध्याकाळी कॅनेडियन्स संघाचा हॉकीचा सामना असल्यामुळे ती दोन तास अलीकडे ओढली गेली, यावरून राष्ट्रीय प्राधान्यक्रम स्पष्ट व्हावा. त्याच दिवशी सकाळी ग्रीन पक्षाला, पुरेसे उमेदवार उभे नाहीत म्हणून, निमंत्रण रद्द झाल्याचे कळवण्यात आले. हवामानावरचा सर्वांत आग्रही आवाज बाहेर राहिल्याने ऊर्जेवरची चर्चा अधिक सुटसुटीत झाली. दुसऱ्या दिवशीच्या इंग्रजी चर्चेनंतरची पत्रकारांची प्रश्नोत्तरेच रद्द करण्यात आली. चर्चेपैकी एकच क्षण लक्षात ठेवला तरी भागेल: कार्नी म्हणजे दुसरे ट्रूडोच, असे पॉलिएव्ह सांगत राहिले, तेव्हा कार्नी यांनी त्यांना आठवण करून दिली की वर्षानुवर्षे ते ज्यांच्याविरुद्ध लढले ते ट्रूडो आणि तो कार्बन कर, दोन्ही आता गेलेले आहेत.

या कार्बन कराकडे पाहण्याची योग्य रीत शिकून घ्यावी, कारण अशी संधी वारंवार येत नाही. कार्बन उत्सर्जनाच्या टनामागे ८० डॉलर, म्हणजे पेट्रोलच्या लिटरमागे १७.६ सेंट, असा तो कर होता, आणि त्याच्या उत्पन्नाचा बहुतेक भाग दर तीन महिन्यांनी घराघरांत परत येत असे; ऑन्टारियोतील चौघांच्या कुटुंबाला तिमाहीस २८० डॉलर. मात्र कर पंपावर दिसे आणि परतावा बँकेच्या खात्यात आवाज न करता येऊन पडे. म्हणून पावती जपून ठेवावी आणि खात्याचा उतारा पाहू नये, हा नियम. "करावर कुऱ्हाड" ही घोषणा पॉलिएव्ह यांनी दोन वर्षे घासून घासून धारदार केली, आणि मग कार्नी यांनी, जे पूर्वी हवामानविषयक अर्थकारणासाठी संयुक्त राष्ट्रांचे विशेष दूत होते, १४ मार्चला पंतप्रधानपदाची शपथ घेतल्याच्या दिवशीच कॅमेऱ्यासमोर सही करून तीच कुऱ्हाड स्वतः चालवली. १ एप्रिलपासून कर शून्य झाला, पंपावरचा दर उतरला, आणि परताव्याचा शेवटचा हप्ता २२ एप्रिलला, मतदानाला सहा दिवस उरले असताना जमा झाला. न भरलेल्या कराचा परतावा मिळाल्याचा आनंद कोणत्याही जाहीरनाम्यात मावत नाही.

येथे एक धोक्याची जागा आहे. ग्राहकांवरचा कर गेला, पण मोठ्या कारखान्यांवरचा आणि तेलक्षेत्रावरचा कार्बन दर राहिला. लिबरल तो ठेवणार होते आणि कॉन्झर्व्हेटिव्ह तोही काढणार होते. उत्सर्जन घटवण्याचा मोठा भार याच दरावर आहे, आणि दोन पक्षांत खराखुरा फरक होता तो येथे. त्यामुळे या विषयाकडे अजिबात वळू नये. तो आपल्या पावतीवर दिसत नाही, त्याला घोषणा नाही, आणि प्रसादाच्या रांगेत त्याबद्दल बोलू लागलात तर रांग पुढे सरकते.

त्याऐवजी पाइपलाइनवर बोलावे. कॅनडाच्या कच्च्या तेलाच्या निर्यातीपैकी सुमारे ९० टक्के तेल एकाच गिऱ्हाइकाला, म्हणजे अमेरिकेला जाते, आणि ते गिऱ्हाईक अलीकडे विक्षिप्त वागत असल्याने समुद्रापर्यंत नवी पाइपलाइन हवी, यावर अल्बर्टातला मेहुणा आणि टोरांटोतले आपण सहज एकमत होऊ शकता. क्यूबेकमध्येसुद्धा ट्रम्प यांच्या धमक्यांनंतर पाठिंबा वाढल्याचे चाचण्यांत दिसले. एकमताला बाधा आणणारे तपशील तेवढे वगळावेत. म्हणजे, निवडणुकीच्या वेळी एकाही कंपनीचा असा प्रस्ताव मांडलेला नव्हता, हे सांगू नये. ऑन्टारियोचे तेल आजही लाइन ५ मधून विस्कॉन्सिन आणि मिशिगन ओलांडून सार्नियाला येते, आणि मिशिगनच्या गव्हर्नरांनी २०२० मध्ये ती बंद करण्याचा आदेश काढला होता, हे आठवू नये. पूर्वेकडची एनर्जी ईस्ट २०१७ मध्ये कंपनीनेच सोडली. पश्चिमेकडच्या नॉर्दर्न गेटवेची मंजुरी आधी न्यायालयाने आणि मग २०१६ च्या नोव्हेंबरात ट्रूडो सरकारने मोडीत काढली. अमेरिकेत जाणाऱ्या कीस्टोन एक्सएलचा परवाना २०२१ मध्ये बायडन यांनी रद्द केला. जी एक खरोखर झाली ती ट्रान्स माउंटन सरकारने २०१८ मध्ये ४.५ अब्ज डॉलरला विकत घेतली, आणि तिचा विस्तार १ मे २०२४ ला सुरू होईपर्यंत खर्च सुमारे ३४ अब्जांवर गेला. ट्रूडो यांनी तेलाला विरोध केला असे म्हणताना हा आकडा घशात अडकतो, म्हणून पाणी जवळ ठेवावे.

पाइपलाइन अडते ती फक्त दोन कायद्यांमुळे, असे सांगणे सर्वांत सोपे. प्रकल्पांच्या परिणामांची छाननी करणारा सी-६९ आणि ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावर तेलाच्या मोठ्या टँकरना मज्जाव करणारा सी-४८, दोन्ही २०१९ चे. ते रद्द करण्याचे वचन पॉलिएव्ह यांनी दिले. वर सांगितलेल्या तीन योजनांपैकी दोन या कायद्यांच्या आधीच मेल्या होत्या आणि तिसरी परदेशात मेली, हा तारखांचा खेळ आहे आणि सभ्य माणसाने तो खेळू नये. आदिवासी समूहांशी सल्लामसलतीचे घटनात्मक बंधन कायदा रद्द केल्याने जात नाही, हेही बोलण्यासारखे नाही. उलट बाजूला कार्नी यांनी सी-६९ रद्द करणार नाही असे प्रचारात सांगितले, आणि जूनमध्ये सी-५ नावाचा नवा कायदा आणून राष्ट्रहिताचे म्हणून निवडलेले प्रकल्प आधी मंजूर समजण्याची सोय केली. दार तसेच राहिले, शेजारची भिंत पाडली. आपण लिबरल असाल तर याला व्यवहार म्हणावे, कॉन्झर्व्हेटिव्ह असाल तर उचलेगिरी.

ऊर्जा म्हणजे तेल, हेही गृहीत धरावे. क्यूबेकची जवळजवळ सगळी वीज पाण्यापासून होते, आणि ब्लॉक केबेक्वा या क्यूबेकच्या प्रादेशिक पक्षाचे नेते इव्ह-फ्रान्स्वा ब्लाँशे आपल्या प्रांतातून पाइपलाइन नको म्हणतात ते निव्वळ हट्टापायी, असे मानल्यास पुष्कळ वेळ वाचतो. त्यांना २२ जागा मिळाल्या, त्या देणाऱ्यांचाही हट्टच असणार. वीज हासुद्धा व्यापारयुद्धाचा भाग असू शकतो, हे ऑन्टारियोचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, डग फोर्ड यांनी मार्चमध्ये दाखवले. मिशिगन, मिनेसोटा आणि न्यू यॉर्कला जाणाऱ्या विजेवर त्यांनी २५ टक्के अधिभार लावला आणि दुसऱ्याच दिवशी तो स्थगित केला.

आता २७ नोव्हेंबर २०२५ चे काय करायचे, हे सांगणे उरले. त्या दिवशी कार्नी यांनी कॅलगरीत अल्बर्टाच्या प्रीमियर डॅनिएल स्मिथ यांच्याबरोबर करारावर सही केली: ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यापर्यंत नव्या पाइपलाइनला पाठिंबा, तेल आणि वायू क्षेत्रावरील उत्सर्जनमर्यादा लागू न करण्याचे आश्वासन, टँकरबंदीत गरज पडल्यास फेरबदल, आणि त्या बदल्यात प्रांताकडून कारखान्यांवरचा कार्बन दर चढवण्याची आणि कार्बन जमिनीत साठवण्याच्या प्रकल्पाची हमी. माजी पर्यावरणमंत्री स्टीव्हन गिल्बो यांनी त्याच दिवशी मंत्रिमंडळ सोडले. आपण एप्रिलमध्ये हवामानासाठी लिबरलांना मत दिले असेल, तर करारातील कार्बन दराचे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. पाइपलाइनसाठी कॉन्झर्व्हेटिव्हांना दिले असेल, तर हे सगळे आमचेच होते असे म्हणावे. दोघांनीही, पाइपलाइन बांधणार कोण, असे विचारू नये. खासगी कंपनी पुढे न आल्यामुळे अर्जाची तयारी अल्बर्टा सरकारने स्वतःच १ कोटी ४० लाख डॉलर घालून हाती घेतली आहे, आणि मेहुणा करदाता म्हणून त्यातला आपला वाटा भरतो, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नसावे.