भट्टीचं वेड आणि बोंडवाचा रस

घरी दारू गाळायची हौस असलेल्या माणसाचा पहिला प्रश्न कायम भांड्याचा असतो. तांब्याची भट्टी कुठे मिळेल, प्रेशर कुकरला नळी जोडून चालेल का, वाफ थंड करणारा कंडेन्सर ॲमेझॉनवरचा बरा की लोकल फॅब्रिकेटरकडून करून घेऊ. आंबवायचं काय, कशात, किती दिवस हे कोणी विचारतच नाही. यूट्यूबवर बघितलेलं असतं ना, चकचकीत तांबं, खालून आच, टोकाला थेंब थेंब पडणारं पाणी. दिसायला भारीच दिसतं ते. पण दारू भट्टीत तयार होत नाही हो, ती आधीच पिंपात तयार झालेली असते, भट्टी फक्त ती पाण्यातून वेगळी काढते. पिंपात घाण केली असेल तर भट्टीतून तीच घाण जास्त कडक होऊन बाहेर येणार.

आता लिहायला घेतलंच आहे तर सरळ सांगून टाकते. महाराष्ट्रात घरी दारू गाळणं गुन्हा आहे, १९४९ चा दारूबंदी कायदा, कलम ६५, आणि नुसती गाळणं नाही तर त्यासाठी भट्टी, भांडी, कच्चा माल बाळगणं पण त्यात येतं. आपण हौसेखातर करतोय, विकत नाहीये, हे तिथे चालत नाही. वसईत नाताळला घरोघरी द्राक्षाची वाईन होते, तीसुद्धा कागदावर बघायला गेलं तर लायसन्सशिवाय बसत नाही, पण तिच्यामागे कोणी लागत नाही. भट्टीच्या मागे लागतात. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती गाळायला परवानगी आहे, तिकडे स्थायिक झालेले आपले लोक फोटो टाकतात आणि इकडच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, पण आपण इकडे राहतो.

तर मला जे काय थोडंफार कळलं ते गोव्याच्या बाजूने, पेडणे आणि सत्तरीतल्या लायसन्सवाल्या भट्ट्यांवर बसून कळलं. आमचं गाव सिंधुदुर्गात, काजूची झाडं लहानपणापासून बघितलेली, आणि बोंडू, काजूच्या बीला चिकटलेलं रसाळ फळ, म्हणजे फेकायची गोष्ट, बी काढली की बोंडू झाडाखालीच, एप्रिलात त्या आंबट कुजक्या वासाने डोकं उठायचं. एक किलो बीमागे पाच ते आठ किलो बोंडू पडतो. म्हणजे शेतकरी पिकाचा मोठा भाग टाकून छोटा भाग विकतो. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ अशा जाती काढल्या, बी मोठी झाली, उत्पन्न वाढलं, छानच झालं, पण बोंडवाचं काय करायचं हा प्रश्न तिथेच. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला सोळाव्या शतकात, सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच झाड तीच माती, पण बांद्याच्या अलीकडे बोंडू कुजतो आणि पलीकडे त्याची फेणी होते, जिला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने हेरिटेज ड्रिंकचा दर्जा दिला.

पलीकडे काय करतात ते नीट सांगते, कारण नवशिक्याला शिकण्यासारखं सगळं त्यातच आहे. पहिली गोष्ट म्हणजे बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप खाली पडलेलाच घेतात. मी विचारलं का, तर भट्टीवरचे काका म्हणाले, "झाडावरचो काढलंस तर तुरट लागतलो, पडलेलोच घे." पूर्ण पिकलेल्यात साखर जास्त आणि तुरटपणा कमी, विषय संपला. मग बी पिळून काढायची, बोंडू कोळंबीत टाकायचे, म्हणजे दगडात कोरलेली नाहीतर बांधून काढलेली उथळ टाकी, आणि पायाने तुडवायचे. आता बऱ्याच ठिकाणी मशीन आलंय, तुडवणारी माणसं मिळत नाहीत. तुडवून निघालेला रस जातो आंबवायला. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने घट्ट बांधून वर वजन ठेवतात, त्यातून जो हळूहळू निथळतो तो नीरो, तो तसाच प्यायचा, थंड, सकाळी. दारूचा थेंब न पिणाऱ्या माणसानेसुद्धा नीऱ्यासाठी गोव्याला जावं असं माझं ठाम मत आहे. दुपारपर्यंत मात्र त्याची चव बदलायला लागते, कारण आंबवणं कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही.

रस मातीच्या मोठ्या कोडव्यात, अर्धं जमिनीत पुरलेलं, हल्ली प्लॅस्टिकचे ड्रम पण असतात. यीस्ट टाकत नाहीत, साखर टाकत नाहीत, पाणी टाकत नाहीत. फळाच्या सालीवर, भांड्याला, हवेत जे यीस्ट आहे तेच काम करतं. साधारण तीन दिवस. पहिल्या दिवशी फेस येतो, मग कान लावला तर सिस् सिस् आवाज, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय, आणि मग आवाज हळूहळू मरतो. आवाज थांबला की भट्टी लावायची, उशीर केला की ॲसिटिक बॅक्टेरिया घुसतात आणि व्हिनेगरच्या दिशेने गाडी सुटते. या तीन दिवसांत तो माणूस काही करत नसतो असं आपल्याला वाटतं पण तो दिवसातून कितीदा तरी येऊन वास घेतो, बोट बुडवून चाखतो. साखर मोजायचा हायड्रोमीटर नाही, आंबटपणा मोजायचा पीएच मीटर नाही. ते असलेले आपण लोक मात्र पहिल्या दिवशी झाकण लावून जे जातो ते रविवारी उघडतो.

कोडवं जमिनीत पुरायचं कारण पण मला फार आवडतं. आंबताना उष्णता तयार होते, बाहेर एप्रिल, आणि यीस्टला साधारण ३५ अंशाच्या वर गेलं की त्रास व्हायला लागतो, ते नको नको ते वास सोडतं नाहीतर मधेच झोपतं. मातीत पुरलेलं भांडं थंड राहतं. पुण्यात टेरेसवर काळ्या ड्रममध्ये उन्हात आंबवणाऱ्याला याचा विचार करायला कोणी सांगितलेलं नसतं, आणि मग म्हणतात यीस्ट खराब निघालं.

आता जरा हिशोब, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. लिटरभर रसात साधारण १७ ग्रॅम साखर असेल तर तिची एक टक्का दारू होते. बोंडवाच्या रसात साखर साधारण १० ते १२ टक्के, म्हणजे आंबून झाल्यावर दारू सहा-सात टक्के, कडक बिअरएवढी. तो एकदा गाळला की ऊर्राक, १५ टक्क्यांच्या आसपास. ऊर्राकात आंबवलेला रस घालून परत गाळला की फेणी, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १०० लिटर रसात जेमतेम साडेसहा लिटर निव्वळ अल्कोहोल, त्याची कागदावर सोळा लिटरसुद्धा फेणी होत नाही, प्रत्यक्षात त्याहून कमी. एवढे बोंडू वेचा, पिळा, तुडवा, लाकडं जाळा आणि हातात एवढंच. फेणीची बाटली महाग आहे म्हणणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावं.

ज्यांच्याकडे फळ नाही त्यांच्याकडे गूळ. आपल्याकडच्या हातभट्टीच्या बातम्या वाचा, प्रत्येकीत काळा गूळ आणि नवसागर असतोच, आणि "इतके लिटर रसायन नष्ट केले". हे रसायन म्हणजे दुसरं काही नाही, आंबत ठेवलेलं गुळाचं पाणी. विदर्भात त्यालाच सडवा म्हणतात, मोहाचा सडवा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणि त्यात थोडं शास्त्र आहे बरं का, गुळात साखर भरपूर पण यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतो तो कमी, अमोनियाच्या क्षारातून तो मिळतो. वाईनवाले त्याच कामासाठी खाण्यायोग्य दर्जाचं डीएपी, तोही अमोनियाचाच क्षार, ग्रॅममध्ये मोजून घालतात. हातभट्टीवाला दुकानातला नवसागर मुठीने घालतो. फरक मुठीचा आहे. फळाला हे काही लागत नाही, बोंडू काय नि मोह काय, जे हवं ते घेऊनच येतात. वाळलेल्या मोहफुलात तर निम्म्याहून जास्त साखरच असते, पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचायची, वाळवायची, वर्षभर टिकतात, त्याची भाकर होते, लाडू होतात, आणि पाण्यात भिजवून ठेवली की सडवा.

आता मिथेनॉल. घरच्या दारूचा विषय काढला की कोणीतरी म्हणतंच, आंधळे व्हाल. आणि दुसरा कोणीतरी तज्ज्ञ म्हणतो, काही नाही, पहिला पेलाभर टाकून द्यायचा, मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळतं आणि आपली दारू ७८ ला, म्हणून ते आधी निघून जातं. दोघंही अर्धवट. मिथेनॉल फळाच्या गरातल्या पेक्टिन नावाच्या पदार्थापासून येतं, थोडंसंच, गुळाच्या पाण्यात जवळपास नाहीच. आणि पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात ते असं शहाण्यासारखं रांग लावून पहिलं बाहेर पडत नाही, शेवटपर्यंत थोडं थोडं येत राहतं. पहिल्या भागात जो नाकात जाणारा, नेलपॉलिशसारखा वास असतो तो ॲसिटाल्डिहाइड आणि एथिल ॲसिटेटचा, म्हणून तो भाग बाजूला काढायचा. आणि आपल्याकडे "पहिल्या धारेची" म्हणून मिशीला ताव देत पितात तो नेमका हाच भाग! माणसं मरतात ती कशाने, तर कारखान्यातलं मिथेनॉल कोणीतरी चोरून आणून दारू म्हणून विकतं त्याने. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलने. तिथे कोणी आंबवलं नव्हतं काही, आंबवायला दिवस लागतात, गुत्तेवाल्याला धीर नसतो.

म्हणून घरी भट्टी लावू नका हे मी सांगते ते आंधळे व्हाल म्हणून नाही. कायदा आहे हे एक. दुसरं म्हणजे आग. अल्कोहोलची वाफ गॅसच्या शेगडीजवळ आणि कुकरच्या नळीत कचरा अडकून प्रेशर वाढलेलं, वन बीएचकेच्या किचनमध्ये, बाजूला मुलं. सत्तरीतली भट्टी उघड्या मांडवात असते, चारी बाजूंनी वारा, आणि बाजूला बसलेला माणूस तिच्यावरून नजर हलवत नाही. हा फरक व्हिडिओत दिसत नाही.

आणि माझा खरा राग सरकारवर आहे, कारण सरकारला पण नवशिक्यासारखी फक्त भट्टीच दिसते. भट्टी दिसली की फोड, रसायन दिसलं की ओत. त्या ड्रममध्ये काय आहे, पिकलेला बोंडू आहे की मोह आहे की कसला चोरीचा स्पिरिटचा कॅन आहे, कायद्याला घेणंदेणं नाही. सगळं एकच, "गावठी". आणि दुकानात लायसन्सने जी "देशी" मिळते ती मळीच्या स्पिरिटची, कारखान्यातून आलेली, तिच्यात देशाचं काय आहे ते मला कोणीतरी सांगा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तिथल्या बायकांनी लढून मिळवलेली, तिच्याबद्दल मी इथे पुण्यात बसून शहाणपणा करणार नाही, ज्यांच्या घरात मार पडतो त्यांना विचारा. पण सिंधुदुर्गात तर बंदी नाही. बारमध्ये व्हिस्की चालते, वाईन शॉप चालतं, फक्त आपल्या झाडाच्या बोंडवाची घरगुती भट्टी चालत नाही. २००१ मध्ये द्राक्षासाठी धोरण आलं, नाशिक वाईनचं झालं. मध्य प्रदेशाने २०२२ च्या धोरणात मोहाच्या दारूला हेरिटेजचा दर्जा दिला, आदिवासींच्या गटांकडून बनवून घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे २०२१ ला मोहफुलं गोळा करण्या-नेण्यावरची बंधनं काढली, २०२२ ला मोह आणि बोंडवाच्या दारूला विदेशी मद्याचा दर्जा द्यायचं ठरलं, पण मला ते अर्धंच पाऊल वाटतं.

दोडामार्गातला शेतकरी काय करतो मग, बोंडू टेम्पोत घालून गोव्याला पाठवतो, जो भाव मिळेल तो घेतो. आणि तीच फेणी शनिवारी आपण लोक पर्यटक म्हणून जाऊन विकत आणतो.

छोटी लायसन्स द्या, गटाला द्या, गावाला द्या. तपासायचं असेल तर नमुना घ्या आणि मिथेनॉल तपासा, गॅस क्रोमॅटोग्राफीने होतं ते, सरकारी लॅबमध्ये मशीन असतं. एक अट मात्र घालाच, साखर-गूळ न घालता फक्त फळाचं, नाहीतर दोन वर्षांत बोंडू नावाला आणि आत काळा गूळ असं होणार हे मी लिहून देते.

बाकी ज्यांना आत्ताच्या आत्ता हात शिवशिवतायत त्यांनी व्हिनेगर करा. खरंच सांगते. पिकलेले बोंडू नाहीतर जांभळं, स्वच्छ बरणी, वर कापड, चिलटं आत जाणार नाहीत असं बांधा, सावलीत ठेवा आणि रोज वास घ्या. आधी फसफसेल, मग शांत होईल, मग आंबट व्हायला लागेल, दीड-दोन महिने द्या. तपमान, भांड्याची स्वच्छता, वासातले बदल हे सगळं त्यात शिकायला मिळतं आणि शेवटी सॅलडला घालायला काहीतरी हातात येतं. आणि एप्रिलात सुट्टी मिळाली तर सत्तरीतल्या वाळपईच्या बाजूला जा, सकाळी आठच्या आत पोचा, नीरो नऊनंतर संपलेला असतो. ऊर्राक प्यायचीच असेल तर तिथेच प्या, लिंबू, मीठ, मधे चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का, आणि बाटली घेऊन गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडू नका, एकतर परमिटची भानगड आणि दुसरं म्हणजे ऊर्राक फार टिकत नाही.