‘शंभर कंपन्या जग तापवतात, तुमच्या पिशवीने काय होणार?’ या संदेशातला एकेक मुद्दा

गेली काही वर्षे एक संदेश वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे. मजकूर साधारण असा: “जगातले ७१ टक्के प्रदूषण फक्त १०० कंपन्या करतात. कार्बन फुटप्रिंट ही कल्पना एका तेल कंपनीने आपल्या माथी मारली. कापडी पिशवी ७,१०० वेळा वापरली तरच ती प्लास्टिकपेक्षा बरी. रिसायकलिंग ही धूळफेक आहे. चार्जर काढून ठेवल्याने पृथ्वी वाचत नाही. बदल होतो तो कायद्याने. आणि मूळ रोग लोकसंख्या आहे. तेव्हा स्वतःला त्रास करून घेणे थांबवा.”

या संदेशाला उत्तर द्यावेसे वाटते, कारण तो निव्वळ थाप नाही. जवळजवळ प्रत्येक वाक्यात खऱ्याचा अंश आहे आणि त्या अंशाच्या जोरावरच शेवटचा चुकीचा निष्कर्ष गळी उतरतो. मनापासून काही करू पाहणारी माणसे तो वाचून हात आखडता घेतात, याचे मला फार वाईट वाटते.

“७१ टक्के प्रदूषण १०० कंपन्या करतात”

हा आकडा २०१७ साली आलेल्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालातला आहे. सीडीपी या संस्थेने तो क्लायमेट अकाउंटेबिलिटी इन्स्टिट्यूटच्या सोबतीने प्रसिद्ध केला होता. त्यात म्हटले आहे ते असे: १९८८ ते २०१५ या काळातल्या औद्योगिक हरितगृह वायूंपैकी (म्हणजे पृथ्वी तापवणाऱ्या वायूंपैकी) ७१ टक्के वायूंचा माग काढत गेले, तर तो जीवाश्म इंधन काढणाऱ्या १०० उत्पादकांपर्यंत पोहोचतो. म्हणजे यात सगळे प्रदूषण मोजलेले नाही. नद्यांमधले सांडपाणी, समुद्रातले प्लास्टिक, तुटलेली जंगले यांचा या आकड्याशी संबंध नाही. ‘कंपन्या’ हा शब्दही सैल आहे. यादीत एक्सॉनमोबिलसारखी खासगी कंपनी आहे, तशाच सौदी अरामको, गाझप्रॉम, कोल इंडिया यांसारख्या सरकारी मालकीच्या किंवा सरकारच्या ताब्यातल्या संस्था आहेत. पहिल्या क्रमांकावर तर चीनचा सगळा कोळसा एकच उत्पादक धरून मांडलेला आहे.

खरी मेख पुढे आहे. या उत्पादकांच्या नावावर लिहिलेल्या वायूंपैकी सुमारे नव्वद टक्के त्यांच्या खाणींतून किंवा विहिरींतून थेट बाहेर पडलेले नाहीत. विकलेला कोळसा, तेल आणि वायू दुसऱ्या कुणीतरी जाळला तेव्हा ते निर्माण झाले. हे जाळणारे कोण? वीजकेंद्रे, पोलाद आणि सिमेंटचे कारखाने, विमाने, मालमोटारी, आणि आपण. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अहवालाच्या हिशेबात तो तेल उपसणाऱ्याच्या खात्यावर पडतो. वापरणाऱ्याच्या बाजूने हिशेब केला तर तोच वायू गाडी चालवणाऱ्याच्या खात्यावर येतो. वायू एकच, वह्या दोन. तेल कंपनीच्या वहीत लिहिले म्हणून गाडी न काढल्याने वाचलेले पेट्रोल खोटे ठरत नाही. उलट त्या ७१ टक्क्यांना हात घालायचा असेल, तर जळणाऱ्या इंधनाची मागणी कमी व्हावीच लागते.

यातून कंपन्या सुटत नाहीत, हेही ठामपणे सांगायला हवे. पर्यायी ऊर्जेला विरोध करणे, विज्ञानाबद्दल संशय पेरणे, धोरणे लांबवणे, हे उद्योग या क्षेत्रातल्या बड्या मंडळींनी केले आहेत आणि त्यांचा जाब त्यांनाच विचारला पाहिजे. पण संदेश म्हणतो, जबाबदारी तिकडची म्हणून इकडे काही करू नका. अहवालातून असा अर्थ निघत नाही.

“कार्बन फुटप्रिंट ही तेल कंपनीची चाल”

कार्बन फुटप्रिंट म्हणजे आपल्या वागण्यामुळे किती हरितगृह वायू हवेत जातात याचा हिशेब, आपला ‘कार्बन ठसा’. बीपी या तेल कंपनीने २००४ च्या सुमारास जाहिरात मोहिमेतून हा शब्द घरोघरी पोहोचवला आणि स्वतःचा ठसा मोजण्यासाठी लोकांच्या हाती गणनयंत्र दिले, हे खरे आहे. त्यामागे लोकांचे लक्ष स्वतःकडून वळवण्याचा हेतू होता, असे मलाही वाटते. मात्र ठसा मोजण्याची मूळ कल्पना त्याआधीची आहे. विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनॅगल या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात ‘पर्यावरणीय ठसा’ विद्यापीठात मांडला, तेव्हा त्यात कुठलीही तेल कंपनी नव्हती. शिवाय मोजपट्टी कुणी वाटली यावरून मोजमाप चुकत नाही. तीच पट्टी कंपनीला, कारखान्याला, अख्ख्या देशालाही लावता येते, आणि लावलीच पाहिजे.

“कापडी पिशवी ७,१०० वेळा वापरावी लागते”

हा आकडा डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला आहे. सेंद्रिय कापसासाठी तर २०,००० हा आकडा फिरतो. दोन्ही आकडे अहवालात आहेत, पण ते कशाचे आहेत हे संदेशात कुणी लिहीत नाही. अभ्यासकांनी हवामान, पाणी, ओझोन असे अनेक निकष तपासले आणि ज्या निकषात कापूस सगळ्यांत मागे पडला, त्याचा आकडा पुढे धरला. तो निकष होता ओझोन थराच्या ऱ्हासाचा. केवळ हवामानावरचा परिणाम पाहिला तर त्याच अहवालात साध्या कापसाच्या पिशवीसाठी आकडा ५२ आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अभ्यासात, वेगळ्या प्रकारच्या प्लास्टिक पिशवीशी तुलना करून, तो १३१ आला होता. आठवड्यातून दोनदा पिशवी नेली तर ५२ चा टप्पा सहा महिन्यांत ओलांडला जातो आणि १३१ चा सव्वा वर्षात. जाड कापडाची पिशवी त्याहून कितीतरी जास्त टिकते.

डेन्मार्कच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट धरलेलीच नव्हती: उघड्यावर पडलेल्या पिशवीचे पुढे काय होते. गटारे तुंबणे, जनावरांच्या पोटात प्लास्टिक जाणे, कासवांनी ते गिळणे, यांतले काहीच त्या हिशेबात नाही. आणि बहुतेक लोकांना प्लास्टिकची पिशवी नको असते ती नेमकी याच कारणांसाठी.

तरीही या अभ्यासातून घेण्यासारखा धडा आहे. प्रत्येक कार्यक्रमात फुकट मिळणाऱ्या नव्या कापडी पिशव्यांचा घरात ढीग लावणे पर्यावरणाच्या कामाचे नाही. जी आहे ती पिशवी फाटेपर्यंत वापरावी, फाटली तर शिवावी. घरात आधीच असलेली जाड प्लास्टिकची पिशवीही पुन्हा पुन्हा वापरायला उत्तम.

“रिसायकलिंग ही धूळफेक”

प्लास्टिकपुरते बोलायचे तर तक्रार रास्त आहे. २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली, असा अंदाज २०१७ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात आहे. म्हणून प्लास्टिक मुळात कमी घेणे महत्त्वाचे. पण ॲल्युमिनियमचा डबा वितळवून नवे ॲल्युमिनियम करायला खनिजापासून धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. पोलाद आणि कागद यांचीही पुनर्प्रक्रिया खरोखर फायद्याची आहे. एका पदार्थाचे अपयश सगळ्यांच्या माथी मारून वर्गीकरण सोडून दिले, तर या चांगल्या वस्तूही ओल्या कचऱ्यात मिसळून वाया जातात.

“चार्जर काढून ठेवल्याने पृथ्वी वाचत नाही”

बरोबर. नव्या धर्तीचा फोनचा चार्जर फोन न लावता सॉकेटमध्ये राहिला तर पाव वॅटही खात नाही. म्हणजे वर्षभरात फार तर दोन युनिट. याउलट अंघोळीचे २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धा युनिट लागतो. वर्षभर चार्जर काढण्याची शिस्त पाळून जे वाचते, ते चार-पाच अंघोळींच्या गरम पाण्यात संपते.

पण यावरून सवयी निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांचे वजन सारखे नसते, एवढेच यातून कळते, आणि पर्यावरणावर लिहिणाऱ्या आम्हा लोकांचीही यात चूक आहे. ‘हे पन्नास सोपे उपाय करा’ अशा याद्यांमध्ये चार्जर आणि विमानप्रवास एकाच ओळीत बसवले जातात. जिथे उष्णता आणि इंधन आहे तिथे आधी पाहावे. गीझर गरज संपताच बंद करणे, कपडे साध्या पाण्यात धुणे, शक्य ते अंतर पायी, सायकलने किंवा बसने जाणे, टाळता येईल तो विमानप्रवास टाळणे, ६० वॅटच्या जुन्या दिव्याजागी तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी लावणे. खाण्याच्या बाबतीत, गुरांच्या मांसातून मिळणाऱ्या प्रथिनांमागचे उत्सर्जन कडधान्यांच्या कितीतरी पट असते. रवंथ करणारी जनावरे मिथेन हा हवा तापवणारा वायू सोडतात, आणि त्यांच्या चाऱ्यासाठी जमीनही खूप लागते.

सगळ्यांत दुर्लक्षित सवय मात्र अन्न टाकण्याची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न कचऱ्यात गेले. यात साली, हाडे असे न खाता येणारे भागही धरले आहेत. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा हा सुमारे १९ टक्के वाटा, आणि त्यातले ६० टक्के घरांमधून टाकलेले. शेतापासून ताटापर्यंत वाया जाणारे सगळे अन्न धरले तर त्यामागे जगातल्या हरितगृह वायूंचा ८ ते १० टक्के हिस्सा आहे. त्या अन्नासाठी लागलेले पाणी, खत, डिझेल आधीच खर्ची पडलेले असते. वर ते कचराडेपोत हवेवाचून कुजले की मिथेन बाहेर पडतो, जो वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट तापवतो.

यातल्या घरच्या हिश्शाचा दोष कुठल्या खाणमालकावर ढकलता येत नाही. खरेदीआधी फ्रिज उघडून पाहणे, ताटात कमी वाढून पुन्हा घेणे, जुने ते पुढच्या कप्प्यात ठेवणे, एवढ्यानेही फरक पडतो. पाकिटावरची ‘बेस्ट बिफोर’ तारीख चव आणि दर्जाची असते. ती उलटली म्हणजे पदार्थ विषारी झाला असे नाही. ‘यूज बाय’ तारीख मात्र सुरक्षिततेची, ती पाळावी. उरलेल्या साली-देठांचे खत करताना ढीग अधूनमधून खालीवर करावा, म्हणजे हवा खेळते आणि मिथेन फारसा तयार होत नाही.

“बदल होतो तो कायद्याने”

शिसेयुक्त पेट्रोल गेले ते कायद्यानेच. २०२१ मध्ये जगभरातून वाहनांसाठीची त्याची विक्री थांबली आणि एकेकट्या ग्राहकाच्या निवडीने ते कधीच झाले नसते. पण दुसरे उदाहरण पाहा. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की स्प्रेच्या डब्यांत वापरले जाणारे सीएफसी वायू ओझोनचा थर खातात. अमेरिकेत लोकांनी कायद्याची वाट पाहिली नाही. त्यांनी स्प्रेचे डबे घेणे कमी केले आणि उत्पादक पर्याय शोधू लागले. तिथली बंदी १९७८ ची, ओझोन वाचवण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय माँट्रियल करार १९८७ चा. लोक आधीच वळले होते, त्यामुळे बंदीला होणारा विरोध दुबळा पडला. सायकलने जाणारे वाढले की सायकल मार्गाची मागणी करणारेही वाढतात. ज्याला बसची रोज वाट पाहावी लागते, तोच जादा बससाठी अर्ज करतो.

हवामानबदलाच्या आंतरसरकारी समितीचा २०२२ चा अहवालही दोन्ही हात एकत्र धरतो. वापराच्या बाजूने केलेल्या बदलांनी २०५० पर्यंत अंतिम वापराच्या क्षेत्रांतले (जिथे ऊर्जा आणि वस्तू शेवटी वापरल्या जातात, जसे घरे, वाहतूक, अन्न) उत्सर्जन ४० ते ७० टक्क्यांनी घटू शकते, असे त्यात म्हटले आहे. पण त्यासाठी सवयींच्या जोडीला योग्य धोरणे, पायाभूत सोयी आणि तंत्रज्ञान हवे, हेही तिथेच लिहिले आहे.

“मूळ रोग लोकसंख्या”

त्याच अहवालानुसार घरगुती वापरातून होणाऱ्या उत्सर्जनापैकी ३४ ते ४५ टक्के सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या १० टक्के घरांकडून होते. तळाच्या ५० टक्के घरांचा वाटा १३ ते १५ टक्के. निम्मे जग मिळून जेवढे उत्सर्जन करते, त्याच्या दुपटीहून जास्त वरची दहा टक्के घरे करतात. ज्याच्याकडे गाडी आहे, एसी आहे, विमानाचे तिकीट आहे, त्याने डोकी मोजण्याआधी स्वतःचे वीजबिल आणि प्रवास तपासावा.