लोझानला निदान एक रात्र राहा

स्वित्झर्लंडची टूर म्हटली की आपल्याकडे युंगफ्राऊ, टिटलिस, ल्युसर्न ही नावं ठरलेली. लोझान आलंच तर ऑलिम्पिक म्युझियमपुढे फोटो काढायचा आणि लगेच बसमध्ये बसायचं. हे मला मनापासून खटकतं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यपदकाचा अभिमान बाळगणाऱ्या आपण मराठी माणसांनी म्युझियम जरूर बघावं. पण ते सरोवराच्या काठाशी आहे, आणि जुनं लोझान वर टेकडीवर.

मुळात हे गाव खालीच होतं. लेमान सरोवराच्या काठी, आजच्या विदी भागात, रोमन काळातलं लुसोना हे बंदर होतं. त्याचे अवशेष अजून बघायला मिळतात. रोमन सत्ता खिळखिळी झाली, हल्ले वाढले, तशी माणसं जीव वाचवायला टेकडीवर चढली. तिथेच पुढे कॅथेड्रल उभं राहिलं. १२७५ मध्ये खुद्द पोप दहावे ग्रेगरी त्याच्या समर्पणविधीला आले होते. १५३६ मध्ये बर्नने हा मुलूख जिंकला आणि कॅथेड्रल प्रोटेस्टंटांकडे गेलं.

राज्यं बदलली, धर्मपंथ बदलला, पण कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरून आगीवर नजर ठेवणारा राखणदार गेला नाही. पूर्वी घरं लाकडाची, एक पेटलं की आळीच्या आळी खाक. म्हणून १४०५ पासून इथे रात्रीचा पहारा आहे. रात्री दहा ते दोन, दर तासाला, चारही दिशांना तोंड करून राखणदार हाळी देतो: "मी राखणदार! दहाचे ठोके पडले!" २०२१ मध्ये या कामावर पहिल्यांदा एक स्त्री रुजू झाली. ज्या व्हो प्रांताने १९५९ मध्ये, सगळ्या स्विस प्रांतांच्या आधी, बायकांना मताधिकार दिला, त्याच्या राजधानीत या एका कामाला इतका उशीर लागला! कुणी म्हणेल, हा आता पर्यटकांसाठीचा देखावा. मला ते पटत नाही. कडाक्याच्या थंडीत, खाली ऐकायला कुणी नसतानाही ही हाळी दिली जाते. त्यासाठी नगरपालिका पगार देऊन माणूस ठेवते.

दुसरं कौतुक चढाचं. फ्लाँ आणि लूव्ह या छोट्या नद्यांनी गावाचे तुकडे केले होते. ते सांधायला १८४४ मध्ये ग्रां पाँ हा दुमजली कमानींचा पूल झाला. पुढे दरीच भरून काढली आणि खालच्या कमानी गाडल्या गेल्या. १८७७ मध्ये पाण्याच्या जोरावर चालणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी रेल्वे, बंदरापासून वर आली. तिच्याच मार्गावरून २००८ पासून 'एम टू' मेट्रो धावते: विनाचालक, चढासाठी रबरी चाकांची. सहा किलोमीटरच्या आत ती ३३८ मीटर चढते. जेमतेम दीड लाख वस्तीच्या शहरात मेट्रो कशाला, हा प्रश्न तिथे चार पावलं चढलं की पडत नाही.

तेव्हा मेट्रोने बेसिएर स्टेशनपर्यंत जा. कॅथेड्रल बघून लाकडी छपराच्या जुन्या पायऱ्यांनी पालू चौकात उतरा. बुधवारी किंवा शनिवारी सकाळी गेलात तर बाजार भरलेला असेल. आणि टूरवाल्यांनी कितीही घाई केली तरी रात्रीचा मुक्काम लोझानलाच मागून घ्या.