स्टिकर नको, ट्रेवाला प्रिंटर घ्या

आज नवी पेठेतल्या एका दुकानात सीडीवर छापणारा प्रिंटर मागितला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, सीडी आता कोण लावतं? आणि छापायचंच असेल तर गोल स्टिकरचा कागद देतो, कुठल्याही प्रिंटरवर निघतो, स्वस्तात काम." दुकानाचं नाव लिहीत नाही. पण डोकं दुपारपासून तापलेलंच आहे.

कोण लावतं? आमच्या भजनी मंडळातले सगळे काका-काकू लावतात. त्यांच्या घरी प्लेअर आहे, तो चालू आहे, आणि त्यांना वर ठळक अक्षरात "काकड आरती" लिहिलेली सीडी हातात हवी असते. पेन ड्राइव्ह सोयीचा आहे, मान्य. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दहा फोल्डरांत हरिपाठ शोधायला लावायचा का? तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

आता त्या स्टिकरबद्दल. आमच्या अप्पांच्या पंचाहत्तरीला त्यांनी गायलेल्या अभंगांची सीडी एका स्टुडिओवाल्याने करून दिली होती. वर स्टिकर, त्यावर अप्पांचा फेटा बांधलेला फोटो. दिसायला देखणी. पुढच्याच मे महिन्यात, आपल्या सोलापूरच्या उन्हात, पत्र्याखालच्या खोलीत स्टिकरची कड सुटली आणि सीडी प्लेअरमध्ये घरघरायला लागली. भावाने कड धरून स्टिकर ओढला, तर त्याला चिकटून चंदेरी थरही सोलून आला. उजेडाकडे धरली तेव्हा फेट्याच्या जागी आरपार खिडकीचे गज दिसत होते.

सगळे सीडीची खालची चकाकती बाजू जपतात. तिथे १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक असतं, बारीक चरा पडला तरी बहुतेक वेळा चालून जातं. खरा नाजूक भाग वरचा. चंदेरी थरावर फक्त वार्निशसारखा पातळ हात असतो आणि आपण नेमका त्याच्यावर डिंक लावतो! डीव्हीडीत हा थर दोन तबकड्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे सोलून येत नाही, एवढं खरं. पण कागद उष्णतेने, दमटपणाने आखडतो, तबकडी किंचित वाकते आणि प्लेअर अडखळतो. स्टिकर जरा तिरका बसला तर तोलही जातो. तरी हे कागद विकतात, आणि घेणाऱ्याला कुणी काही सांगत नाही. याचाच राग येतो.

सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि थर कडेचा सोलला होता. त्यामुळे अप्पांचे सुरुवातीचे अभंग राहिले, शेवटची भैरवी गेली. मूळ रेकॉर्डिंग मागायला गेलो तर स्टुडिओची हार्ड डिस्कच उडालेली. त्या भैरवीत मध्येच अप्पांना खोकला आला होता. ते हसले आणि पुन्हा तिथूनच सूर धरला. ते हसणं आता कुठेच नाही.

असो. कामाचं लिहिते.

सीडीवर थेट छापायला सपाट ट्रे असलेला इंकजेट लागतो. दुकानात आधी पुढे करतात ते स्वस्त इंक टँक प्रिंटर, एप्सनचा एल३२५० किंवा कॅननचे जी सिरीजवाले, कागदासाठी उत्तम आहेत. पण त्यांत कागद वळून जातो आणि तबकडी वळत नाही, म्हणून तिथे सीडी छापता येत नाही. लेझर प्रिंटर तर उष्णतेवर चालतो, त्याचं नावच काढू नका. घरासाठी माझ्या मते एप्सन एल८०५ किंवा त्यानंतर आलेला एल८०५०. सहा रंग, बाटलीतून भरायची शाई. नवा घ्यायचा तर वीस हजारांच्या पुढे जातो. महाग आहे, नाही म्हणत नाही. वर्षातून दोन-चार सीडी करणाऱ्याने सीडी मार्करने नाव लिहावं आणि पैसे वाचवावेत. बॉलपेनने मात्र लिहू नका, टोकाने थर दबतो.

तबकडी "इंकजेट प्रिंटेबल" म्हणून मागा, वरची बाजू पांढरी, खरखरीत. साध्या चकचकीत सीडीवर शाई बसत नाही, नुसती पसरते. छापल्यावर दिवसभर सुकू द्या आणि ओला हात लावू नका, ही शाई पाण्याने फिसकटते. आणि आठवड्यातून एकदा तरी एखादं रंगीत पान काढा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात महिनाभर प्रिंटर झाकून ठेवला की शाई सोडणारं हेड चोंदलंच, मग हेड क्लीनिंगमध्ये बरीच शाई वाया जाते.

स्वस्तात हवा असेल तर एक वाट आहे. ऑनलाइन सेंटरवाल्यांनी पीव्हीसी (प्लास्टिकचं) कार्ड छापायला एल८०५ घेतले, सीडीच्या जागी कार्डाचा ट्रे घालून ते छापतात. मूळ सीडीचा ट्रे बहुतेकांच्या खोक्यात तसाच पडून असतो. असा जुना प्रिंटर मिळाला तर आधी नोझल चेकचं, म्हणजे हेडची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारं, पान काढायला लावा. रेघा तुटक आल्या तर घेऊ नका, कितीही कमी भाव सांगितला तरी.

दुपारपेक्षा आता जरा शांत झालेय. त्या मुलावर राग नाही, त्याला जे विकायला सांगितलंय तेच तो विकतो. राग ते स्टिकर बिनधास्त मागवणाऱ्या मालकावर आहे.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या यात्रेच्या, आधी मंडळाच्या काकड आरतीच्या सीडी तयार करायच्या आहेत. जुळे सोलापूर, विजापूर रोड, अशोक चौक, कुठेही कुणाकडे चालू स्थितीतला एल८०५ द्यायचा असेल तर मेसेज करा, मी येऊन बघते. प्रिंटर नसला आणि नुसता सीडीचा ट्रे पडून असला तरी सांगा, मंडळातल्या एका काकांच्या प्रिंटरचा ट्रे हरवलाय.