काटा शून्यावर, बाग कोरडी: अंबडच्या मोसंबी बागायतदारांच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्याकडून घेतलेल्या टेन्शिओमीटरबद्दल, म्हणजे जमिनीतली ओल काट्यावर दाखवणाऱ्या यंत्राबद्दल, तुम्ही लिहिलंय: "काटा शून्यावर होता, म्हणजे जमीन ओली, म्हणून पाणी दिलं नाही. सोळा दिवसांनी बघतो तर भेगांत बोट जातंय अन् झाडाखाली फळांचा सडा. दोनदा फोन केला, कोणी उचलला नाही. मशीन बोगस, शेतकऱ्याला फसवायचे धंदे."

फोन उचलला गेला नाही ही चूक माझीच. त्या आठवड्यात मी रोज कुणाच्या ना कुणाच्या शेतावर होतो, पण भर मे महिन्यात बागायतदाराचा फोन म्हणजे पाण्याचाच फोन, तो त्याच दिवशी घ्यायला पाहिजे होता.

दुसरी चूक त्याहून मोठी आहे. टेन्शिओमीटर बसवताना आम्ही सांगितलं, काटा १०-२० सेंटीबारवर (माती पाणी किती जोरानं धरून ठेवते, त्याचं माप) असला की वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडं, वर चढत गेला की जमीन सुकतेय. पण काटा दोन कारणांनी शून्यावर येतो, हे सांगितलंच नाही. एक, जमीन खरोखर चिंब असते तेव्हा. दुसरं, जमीन इतकी कोरडी पडते की यंत्राच्या नळीत भरलेलं पाणी खालच्या चिनी मातीच्या कपातून ओढलं जातं आणि आत हवा शिरते. साधारण ८० सेंटीबारच्या पुढं हे होतं. मग काटा धाडकन खाली येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, बाग ओली आहे. आपली काळी जमीन सुकताना आकसते, भेग कपाजवळून गेली तर माती कपाला सोडते, आणि मग काट्यावर भरवसाच राहत नाही. तुमच्या बागेत यातलंच काहीतरी झालं असावं. पाऊस नाही, ठिबक बंद, तरी काटा खाली आला तर ते ओल नव्हे, बिघाड समजायचा, हे एक वाक्य आम्ही सांगितलं असतं तर तुमची फळं वाचली असती. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यंत्र बोगस आहे, हे मात्र मला मान्य नाही. भारी जमिनीत वरचा थर कोरडा दिसतो, म्हणून आपण रोज मोटर चालवतो, आणि दोन फुटांवर चिखल राहून मोसंबीची मुळं कुजतात, बुंध्याला डिंक्या (साल कुजून डिंक वाहायचा रोग) लागतो. ते डोळ्यांना दिसत नाही, दोन फुटांवरचा काटा दाखवतो. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जालन्यात वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवताना मी माणसं रडताना पाहिलीत. विहिरीतलं उरलेलं पाणी किती दिवस पुरवायचं, हे अंदाजावर सोडू नये, म्हणून मी या कामात पडलो.

गळालेली फळं मी परत देऊ शकत नाही. दोन्ही यंत्रांचे पैसे परत देतो. तुमची तयारी असेल तर त्या जागी जिप्समचे सेन्सर बसवून देतो, पैसे न घेता. ते २०० सेंटीबारपर्यंत वाचतात, त्यात पाणी भरावं लागत नाही. भेगांचा त्रास त्यांनाही होतो, म्हणून मातीचा गारा करून तो भोकात ओतूनच बसवायचे, आणि ड्रिपरपासून वीतभर अंतरावर. सोबत आठवड्यातून एकदा फूटभर खणून माती मुठीत दाबून बघा. गोळा झाला आणि हाताला ओल लागली नाही, तर वाफसा आहे. भुगा झाला तर काटा काहीही म्हणो, पाणी सोडा.

आमच्याकडून टेन्शिओमीटर नेलेल्या बाकीच्यांनीही नळीतलं पाणी आजच बघावं. कमी असेल तर उकळून गार केलेलं पाणी भरा, बुडबुडे निघू द्या. जमत नसेल तर मला बोलवा, मी येऊन भरून देतो.

भाऊ, रविवारी सकाळी मी तुमच्या बागेत येतो. तोवर ठिबक एकदम तासन् तास सोडू नका. ताणावरच्या झाडाला अचानक भरपूर पाणी मिळालं तर उरलेली फळंही गळतात. पहिले तीन-चार दिवस थोडं थोडं, सकाळीच द्या.