पॅव्हेलियनची तिसरी पायरी

आज सकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर एक छायाचित्र आले आणि तेव्हापासून कशात लक्ष लागलेले नाही. आमच्या पॅव्हेलियनला लोखंडी जाळी ठोकली आहे, आणि आत शिरून डबा खाणाऱ्या नववीच्या चार मुलींना आठवडाभर घरी बसवले आहे.

१९८८ साली मीही नववीत होते. पॅव्हेलियन म्हणजे दगडी जोते, सहा पायऱ्या, मंगळुरी कौले आणि मागे सामानाची कोठी. मुलींनी तिसऱ्या पायरीच्या वर जायचे नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तरी सगळ्यांना पाठ होता. त्या फेब्रुवारीत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली आणि आमच्या वर्गाला दुसरा विषयच उरला नाही. आमच्या शाळेच्या मैदानावरच्या पुढच्याच सामन्याला मी आणि माझी मैत्रीण शिवणाचा तास बुडवून कोठीच्या खिडकीतून आत शिरलो, गुंडाळलेल्या मॅटिंगवर बसलो आणि दाराच्या फटीतून पाहत गणिताच्या वहीत एकेक चेंडू लिहू लागलो.

मैदान सांभाळणारे मामा दारात उभे राहिले, तेव्हा घशाला कोरड पडली. त्यांनी वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “पोरी, मेडन अशी लिहीत नाहीत.” मग एकही धाव न निघालेल्या षटकाची सहा टिंबे जोडून त्यांनी ‘एम’ काढून दाखवला. शिक्षा चुकली नाही. दोन शनिवार आम्ही मैदानावरचे खडे वेचले. पण मुख्याध्यापकांना त्यांनी एका शब्दाने कळवले नाही.

आणि आज थेट घरी बसवणे? डबा खाल्ला म्हणून? त्या भागीदारीचे गोडवे आपण सगळेच गातो, पण डाव घोषित करा म्हणून सहायक प्रशिक्षक सीमारेषेवरून हाका मारत होते आणि ती दोन पोरे जाणूनबुजून तिकडे पाहत नव्हती, हे सांगताना आपल्याला कौतुकच वाटते ना? मुलांनी ऐकले नाही तर जिद्द, मुलींनी ऐकले नाही तर बेशिस्त, हे मला सहन होत नाही.

कौले जुनी आहेत आणि एखादे कोणाच्या डोक्यात पडले तर शाळेलाच उत्तर द्यावे लागेल, हे मान्य. मग कौले बदला.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आपल्या मुलींनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मी दूरचित्रवाणीसमोर वही घेऊनच बसले होते. शेवटचा गडी लिहिताना मामांचे खडबडीत बोट आठवले आणि अक्षर हलले. ते आता नाहीत. ही वही त्यांना दाखवायची फार इच्छा होती.

सोमवारी साडेदहाला मी शाळेत जाणार आहे. गटातल्या ज्यांना यायचे आहे, त्यांनी फाटकापाशी यावे. त्या चार मुलींच्या घरच्यांना कोणी ओळखत असेल, तर त्यांनाही निरोप द्या. गणिताची ती वही अजून माझ्याकडे आहे. ती मी सोबत आणते.